मेंदूचे रक्षण मेंदूबाहेर

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपून बांध्या हिरव्या होतात तेव्हापासून थेट कापणी संपेपर्यंतचा जो काळ, तो वैनगंगेच्या खोऱ्यात तापाचा काळ होय. आणि या तापकऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आठ-दहा दिवसांत बरे होऊन आपापल्या शेताला लागत असले, तरी काही थोड्यांच्या बाबतीत ताप उतरण्याऐवजी वांत्या सुरू होतात, मान ताठरते, बोलणे असंबद्ध होते, झटके येतात, आणि मग लाखांदूर, साकोली, तुमसर किंवा पवनी येथून रुग्णाला आधी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात व तेथून सुमारे साठ किलोमीटरवरील नागपूरच्या मेडिकलमध्ये हलविण्याची धावपळ आरंभते. घरची माणसे एवढेच सांगतात की ताप डोक्यात चढला. वैद्यकाला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. धानाच्या मुलखात जपानी मेंदूज्वराचा विषाणू आहे, १९६५ साली नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावच्या रुग्णांत प्रथम सापडलेला व त्याच गावाचे नाव जगभर घेऊन गेलेला विषाणू आहे, मेंदूत शिरणारा हिवताप आहे. आणि या सर्वांच्या गर्दीत जिवाणूंमुळे होणारे मेंदूचे आजार आहेत, ज्यांवर हमखास लागू पडणारी औषधे आज आपल्या हाती असूनही केवळ निदानाच्या विलंबामुळे माणसे दगावतात किंवा जन्माची अधू होतात. प्रस्तुत लेखाचा विषय हे जिवाणुजन्य आजार, आणि देहाची प्रतिकारव्यवस्था त्यांच्याशी कशी झुंजते हा प्रश्न, एवढाच आहे.

या प्रश्नाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा अभ्यास पाहिला म्हणजे एक गोष्ट मनावर ठसते. मेंदूचे खरे रक्षण मेंदूच्या आत होत नाही, ते मेंदूबाहेर होते : नाकाघशाच्या अंतस्त्वचेत, रक्तप्रवाहात, यकृतात आणि प्लीहेत. जिवाणू एकदा कवटीच्या आत शिरला म्हणजे तेथे त्याच्याशी झुंज होते, नाही असे नाही. परंतु ती झुंज इतकी उशिरा, इतक्या अपुऱ्या साधनांनिशी आणि इतक्या नाजूक भूमीवर होते की जिवाणूपेक्षा झुंजीनेच अधिक नासधूस होण्याचा प्रसंग वारंवार येतो. हे एक सूत्र पक्के धरले म्हणजे लसीकरणाचे महत्त्व, उपचारातील घाई आणि प्रतिकारशक्ती दडपणारे स्टेरॉइड संसर्गातही देण्यामागचा वरवर विपरीत वाटणारा विचार, या तिन्ही गोष्टींचा उलगडा एकदम होतो.

मेंदू हा देहातील वेगळा इलाखा आहे ही जाणीव जुनी आहे. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख याने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा सर्व अवयव रंगले आणि मेंदू मात्र कोराच राहिला. पुढे १९१३ मध्ये एडविन गोल्डमन याने तोच रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडून पाहिला, तेव्हा उलट मेंदू रंगला आणि बाकीचा देह कोरा राहिला. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी अडसर आहे हे सिद्ध झाले. तो अडसर मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तरपेशी परस्परांशी जेथे घट्ट सांधल्या जातात त्या सांध्यांचा आहे, हे दिसण्यास मात्र १९६७ साल आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उजाडावा लागला. दरम्यान १९४८ साली पीटर मेडावर याने सशाच्या मेंदूत परक्या त्वचेचे तुकडे रोवून असे दाखविले की, देहाला त्या परक्या त्वचेची ओळख आधी झाली नसेल तर मेंदूत ती नाकारली जात नाही. या निरीक्षणातून मेंदू हा प्रतिकारव्यवस्थेच्या अमलाबाहेरचा मुलूख आहे असा सोयीस्कर समज रूढ झाला आणि तो पाठ्यपुस्तकांतून पुढची कित्येक दशके टिकला.

हा समज आता टिकत नाही. मेंदूची स्वतःची भक्षक पेशी, जिला मायक्रोग्लिया म्हणतात, ती स्पॅनिश संशोधक पिओ देल रिओ ओर्तेगा याने १९१९ मध्येच ओळखली होती. २०१० साली असे आढळले की या पेशी प्रौढ वयात रक्तातून येत नाहीत, तर गर्भावस्थेच्या अगदी आरंभी पीतककोशातून निघून मेंदूत वस्तीला येतात आणि तेथेच आपली संख्या राखतात. मस्तिष्कावरणात, म्हणजे मेंदूच्या वेष्टनात, लसीकावाहिन्या असल्याचे इटालियन शरीरशास्त्रज्ञ पाओलो मास्कान्यी याने १७८७ मध्ये लिहून ठेवले होते, त्याकडे कोणी लक्ष दिले नाही, आणि २०१५ साली अमेरिका व फिनलंड येथील दोन स्वतंत्र गटांनी त्या वाहिन्या पुन्हा शोधून काढल्या. २०१८ मध्ये कवटीच्या हाडातील अस्थिमज्जेपासून मस्तिष्कावरणापर्यंत जाणारे सूक्ष्म मार्ग दिसले, ज्यांतून पांढऱ्या पेशी रक्ताला वळसा न घालता परस्पर मेंदूच्या वेष्टनात उतरतात. २०२० मध्ये असेही निदर्शनास आले की मस्तिष्कावरणातील मोठ्या शिरांच्या काठाशी प्रतिपिंड तयार करणाऱ्या ज्या पेशी ठाण मांडून असतात, त्यांतील अनेकींचे शिक्षण आतड्यात झालेले असते. तेव्हा मेंदूभोवती पहारा आहे, आणि तो चांगला कडक आहे. पण तो वेशीवर आहे, गावात नाही.

गावात काय स्थिती आहे ती पाहू. मेंदू व मज्जारज्जू यांच्याभोवती प्रौढ माणसात सुमारे दीडशे मिलिलिटर द्रव असतो, दिवसाला सुमारे पाचशे मिलिलिटर या गतीने तो नव्याने निर्माण होतो आणि जुना शोषला जातो. हा मस्तिष्कमेरुद्रव निरोगी माणसात पाण्यासारखा नितळ असतो. त्याच्या एका घनमिलिमीटरमध्ये पाचांहून अधिक पांढऱ्या पेशी नसतात, प्रतिपिंडांचे प्रमाण रक्ताच्या मानाने अत्यल्प असते, आणि जिवाणूंना चिकटून त्यांना भक्षक पेशींच्या तोंडी देणारी जी पूरक प्रथिने रक्तात विपुल असतात, त्यांचाही येथे दुष्काळ असतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस किंवा हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी यांसारख्या जिवाणूंच्या अंगावर शर्करेचे गुळगुळीत कवच असते, आणि प्रतिपिंड किंवा पूरक प्रथिने यांची खूण त्या कवचावर लागल्याशिवाय भक्षक पेशीला त्यांची पकड घेता येत नाही. खूण लावणारे येथे नाहीत; म्हणून रक्तात ज्या जिवाणूचा फडशा पडला असता तोच जिवाणू या द्रवात बिनधास्त वाढतो आणि काही तासांत त्याची संख्या प्रचंड होते. मेंदूला जळजळ व सूज परवडत नाही म्हणून निसर्गाने हा द्रव असा निःशस्त्र ठेवला असावा. पण त्याची किंमत अशा वेळी मोजावी लागते.

म्हणूनच सारी भिस्त बाहेरच्या बंदोबस्तावर. हे जिवाणू पुष्कळदा निरोगी मुलाच्या नाकाघशात निमूट राहत असतात. तेथील श्लेष्म्यातील प्रतिपिंड त्यांना रोखून धरतात. त्यातून एखादा रक्तात उतरलाच, तर पूरक प्रथिने त्याच्यावर तुटून पडतात. ज्यांच्यात या प्रथिनमालिकेचा शेवटचा भाग जन्मतः नसतो, अशा माणसांना मेनिंगोकोकसचा आजार पुन्हा पुन्हा होतो, यावरून त्या भागाचे कार्य किती नेमके आहे हे कळते. आणि सर्वांत मोठे काम प्लीहा करते. प्लीहेच्या कडेच्या पट्ट्यात अशा बी-पेशी असतात की ज्या शर्करेचे कवच पाहताच, इतर पेशींच्या साहाय्याची वाट न पाहता, त्याविरुद्ध प्रतिपिंड निर्माण करतात. आणि तेथील भक्षक पेशी प्लीहेतून संथपणे झिरपणाऱ्या रक्तातून खूण लागलेले जिवाणू वेचून काढतात. दोन वर्षांखालील बालकांत हा पट्टा अद्याप अपरिपक्व असतो. जिवाणुजन्य मस्तिष्कावरणदाह त्या वयात अधिक का आढळतो याचे एक मोठे कारण हेच.

येथे भंडाऱ्याचा संबंध विशेष आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा प्रदेश आहे. आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतील असंख्य कुटुंबांत हा रक्तदोष पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. ज्याला हा दोष आई व बाप या दोघांकडून मिळतो, त्याच्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन प्लीहेच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि वर्षानुवर्षांच्या या अडथळ्याने प्लीहेचे कार्य क्षीण होत जाते; पुढे ती आकसून निकामीही होऊ शकते. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळ प्रमाणात टिकून राहत असल्यामुळे आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा हा ऱ्हास बहुधा सावकाश होतो, आणि पुष्कळ मुलांची प्लीहा मोठी झालेली हाताला लागते. परंतु हाताला लागणारी प्लीहा काम करीत असेलच असे नाही. अशा मुलाला न्यूमोकोकसचा संसर्ग झाला, तर सकाळचा साधा ताप रात्रीपर्यंत प्राणावर बेतू शकतो. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना दिवसातून दोन वेळा पेनिसिलिनची गोळी दिली असता न्यूमोकोकसच्या रक्तसंसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले, आणि लाभ इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, आणि तिचे काम एवढेच की निकामी प्लीहेच्या ठिकाणी तिने पहारा करावा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला आणि गावोगाव रक्ततपासण्या सुरू झाल्या. पण तपासणीचा कागद हाती आल्यावर त्या घरातील आईला मुलाचा ताप हा इतरांच्या तापासारखा समजू नये, त्याच दिवशी दवाखान्यात आणावे, हे कोणी समजावून सांगितले नसेल, तर तपासणीचे अर्धे फळ वाया गेले असेच मी म्हणेन. केवळ वाहक असलेल्यांना हा धोका नाही, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. विवाह जुळविण्याच्या व्यवहारात वाहकांच्या वाट्याला येणारी अकारण भीती पुरेशी आहे.

जिवाणूंच्या कवचाची आणखी एक करामत सांगण्याजोगी आहे. नवजात अर्भकांना ग्रासणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा के-१ हा प्रकार आणि मेनिंगोकोकसचा बी गट, यांचे कवच ज्या शर्करेचे बनलेले असते तीच शर्करा वाढत्या मेंदूच्या पेशींच्या पृष्ठभागावरही असते. प्रतिकारव्यवस्था स्वकीयांवर शस्त्र धरीत नाही, त्यामुळे हा परका स्वकीयांच्या वेषात सुखेनैव निसटतो. आणि याच कारणाने बी गटाविरुद्धची लस कवचापासून करता आली नाही, ती जिवाणूच्या प्रथिनांपासून करावी लागली. अर्भकाला आईकडून वारेतून जे प्रतिपिंड मिळतात ते मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल त्या ठेव्यापैकी फारच थोडा घेऊन जगात येते.

कवचधारी जिवाणूंविरुद्ध खरा तोडगा निघाला तो कवचाची शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडून दिल्याने. केवळ शर्करेची लस तान्ह्या मुलात उमटत नाही. प्रथिनाची जोड मिळताच टी-पेशी मदतीला येतात, स्मृती निर्माण होते, आणि प्लीहेचा तो अपरिपक्व पट्टा ओलांडून संरक्षण मिळते. हिमोफिलसविरुद्धचा घटक असलेली पंचगुणी लस भारतात २०११ साली केरळ व तामिळनाडूत सुरू होऊन २०१५ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. न्यूमोकोकसविरुद्धची लस २०१७ मध्ये काही राज्यांत व २०२१ मध्ये देशभर लागू झाली, आणि ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत दिली जाते. या लसी नाकाघशातील जिवाणूंची वस्तीही कमी करतात, त्यामुळे ज्याने लस घेतली नाही अशा आजोबालाही नातवाच्या लसीचा लाभ होतो.

बाहेरचा बंदोबस्त फसला म्हणजे काय होते ते न्यूमोकोकसच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. रक्तातील जिवाणू मेंदूच्या वाहिन्यांच्या अस्तराला, तेथील नेहमीच्या ग्राहक प्रथिनांचा आधार घेऊन, चिकटतो व पलीकडे उतरतो. तेथे मस्तिष्कावरणातील भक्षक पेशी आणि मायक्रोग्लिया यांचे टोल-ग्राहक त्याच्या भिंतीचे तुकडे ओळखतात, इंटरल्यूकिन-१, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखी द्रव्ये सोडतात, आणि त्या हाकेसरशी रक्तातील न्यूट्रोफिल पेशी हजारोंनी द्रवात धावून येतात. या पेशींपाशी जे आहे ते आंधळे हत्यार आहे : प्रथिने विरघळविणारी विकरे, दाहक ऑक्सिजनसंयुगे, स्वतःच्या गुणसूत्रद्रव्याची चिकट जाळी. खूण न लागलेला जिवाणू त्यातून निसटतो आणि शेजारचा चेतातंतू जळतो. वाहिन्यांचे सांधे सैल होतात, पाणी आत झिरपते, मेंदू सुजतो. आणि कवटी हाडाची असल्याने सुजेला जागा नाही. आतल्या कानाची नाजूक यंत्रणा या द्रवाशी जोडलेली असल्यामुळे वाचलेल्या मुलांपैकी काही कायमची बहिरी होतात, आणि तान्ह्या वयातले हे बहिरेपण घरच्यांना मूल बोलत नाही म्हणून वर्ष-दोन वर्षांनी उमगते. २०२३ साली तर असेही सिद्ध झाले की जिवाणू मस्तिष्कावरणातील वेदनावाहक तंतूंना चेतवितो, ते तंतू एक विशिष्ट द्रव्य सोडतात, आणि त्या द्रव्यामुळे वेशीवरच्या भक्षक पेशी मंदावतात. ज्या असह्य डोकेदुखीने रोगी तळमळतो तिचाच जिवाणूने असा उपयोग करून घ्यावा, हे या शास्त्रातील अलीकडचे सर्वांत विस्मयकारक निरीक्षण मला वाटते.

उपचाराच्या इतिहासातही हाच धडा दिसतो. न्यूयॉर्कच्या सायमन फ्लेक्सनरने घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंड पाठीच्या कण्यातून थेट द्रवात सोडून १९१३ साली सुमारे तेराशे रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्या मेनिंगोकोकसच्या साथीत सत्तर टक्क्यांहून अधिक रोगी मरत, तेथे मृत्यू सुमारे एकतीस टक्क्यांवर आले. म्हणजे त्या द्रवातील प्रतिपिंडांचा दुष्काळ बाहेरून भरून काढता येतो हे जंतुनाशक औषधांपूर्वीच दिसले होते. पुढे सल्फा आणि पेनिसिलिन आले व मृत्यू आणखी घटले. पण पेनिसिलिनने जिवाणू फुटतो तेव्हा त्याच्या भिंतीचे तुकडे एकदम मोकळे होऊन दाह उफाळतो, हे ध्यानात आल्यावर औषधाच्या पहिल्या मात्रेआधी किंवा तिच्याबरोबर डेक्सामेथासोन देऊन दाह आवरावा असा विचार पुढे आला. युरोपात ३०१ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर उतरले. मात्र आफ्रिकेतील मलावी येथे मुलांवर व प्रौढांवर झालेल्या चाचण्यांत त्याच औषधाने काहीच लाभ झाला नाही. तेथील रोगी उशिरा येत, कुपोषित असत, त्यांच्यापैकी पुष्कळांना एचआयव्हीची बाधा होती. युरोपचा निष्कर्ष आपल्या जिल्ह्याला सरसकट लावता येत नाही याचा हा ठळक दाखला होय.

निदानासाठी पाठीतले पाणी काढावे लागते. ही क्रिया १८९१ साली क्विंके या जर्मन वैद्याने रूढ केली, आणि आजही तिच्याइतके जलद उत्तर दुसरे काही देत नाही. तरी पाठीत सुई घातली की माणूस लुळा होतो या समजुतीने आपल्याकडे कितीतरी घरांतून तिला नकार मिळतो. सुई घातली जाते ती कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या सुमारास, म्हणजे मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली. मेंदूत गाठ किंवा फार सूज असल्याची चिन्हे नाहीत ना, एवढे वैद्याने आधी पाहिले असले म्हणजे भीतीचे कारण उरत नाही. नळीत थेंबाथेंबाने उतरणारा तो द्रव उजेडासमोर धरला असता पुष्कळ कळते. ताकासारखा गढूळ असेल तर न्यूट्रोफिलांची झुंड आणि कवचधारी जिवाणू. साखर रक्तातील साखरेच्या निम्म्याहून बरीच खाली. नितळ असेल, आणि नळी रात्रभर उभी ठेवल्यावर सकाळी तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम पडदा लोंबताना दिसला, तर क्षयाची दाट शंका; ते जाळे म्हणजे दाहामुळे द्रवात उतरलेल्या फायब्रिन प्रथिनाची गुठळी असते आणि क्षयाचे जंतू अनेकदा तिच्यातच अडकलेले सापडतात.

मेंदूचा क्षय हा आपल्याकडचा याहून हळू आणि म्हणूनच अधिक फसवा आजार. एडिनबराच्या रॉबर्ट व्हिट याने १७६८ साली त्याचे वर्णन केले तेव्हा क्षयजंतू ठाऊक नव्हता. आणि १९३३ मध्ये रिच व मॅकॉर्डक यांनी बाल्टिमोर येथे शवविच्छेदनांवरून दाखविले की जंतू रक्तातून एकदम मस्तिष्कावरणात पसरत नाही, तर मेंदूच्या पृष्ठभागाशी आधी एक लहानशी गाठ धरून बसतो आणि ती गाठ केव्हातरी द्रवात फुटते. गाठ म्हणजे प्रतिकारव्यवस्थेने केलेली नाकेबंदी : भक्षक पेशी जंतूला गिळतात पण पचवू शकत नाहीत, टी-पेशी त्यांना गॅमा-इंटरफेरॉन पुरवून बळ देतात, आणि सारे मिळून त्याला वेढा घालून बसतात. वेढा फुटला म्हणजे मेंदूच्या तळाशी दाट चिकट स्राव साचतो, डोळे फिरविणाऱ्या नसा त्यात गुरफटतात, वाहिन्यांचा दाह होऊन लकवा येतो, आणि द्रवाच्या वाटा बुजल्याने मेंदूच्या पोकळ्या सांडवा बंद झालेल्या तलावासारख्या तुंबत जातात.

या रोगातही रक्षण बाहेरचेच. बीसीजी लस मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला आवर घालू शकत नाही, हे तामिळनाडूतील चिंगलपेट येथील मोठ्या चाचणीने सिद्ध केले, आणि त्यामुळे तिच्याविषयी अनादर पसरला. पण लहान मुलांच्या मेंदूच्या क्षयापासून ती सुमारे सत्तर टक्के संरक्षण देते, आणि बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्याच्या डाव्या दंडावर टोचली जाणारी ती सुई मुख्यत्वे याच एका आजारासाठी आहे. आजार झाल्यावर मात्र औषधांच्या जोडीला दाह आवरावा लागतो. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले, अपंगत्व मात्र घटले नाही. पुढे असे आढळले की एका जनुकाच्या भेदानुसार काही माणसांत दाह फाजील होतो तर काहींत अपुरा, आणि औषधाचा लाभ पहिल्यांनाच अधिक होत असावा. २०२३ साली एचआयव्हीबाधितांत लाभ नसल्याचेही निष्पन्न झाले. एकच मात्रा सर्वांना देण्याचा शिरस्ता या आजारात फार काळ चालेल असे वाटत नाही. निदानाची अडचण निराळीच : द्रवात जंतू फारच थोडे असतात. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेने जंतूऐवजी त्याची प्रथिने व त्यांविरुद्धचे प्रतिपिंड द्रवात शोधण्याचे काम दीर्घकाळ केले आहे, आणि विदर्भातीलच रुग्णांच्या द्रवावर झालेले हे संशोधन आपल्या लोकांना अधिक माहीत असावयास हवे.

मेंदूतील गळूचा उल्लेख थोडक्यात पुरे. वर्षानुवर्षे वाहणारा कान, ज्यात घरोघर तेल सोडले जाते, तो अनेकदा त्याचे मूळ असतो. जिवाणू पातळ हाडातून शेजारच्या मेंदूत उतरतात, पहिले आठ-नऊ दिवस भोवतालचा भाग नुसता सुजतो, आणि दुसऱ्या आठवड्यात तंतुमय भिंत उभी राहून पू कोंडला जातो. येथे प्रतिकारव्यवस्थेचे काम चोख असते, पण तिने कोंडलेला पू बाहेर काढायला शल्यवैद्यच लागतो.

शेवटी स्क्रब टायफस. आणि भंडाऱ्याच्या संदर्भात मी त्याला सर्वांत महत्त्व देतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत हा आजार बळावला तेव्हा त्याचे नाव प्रथमच अनेकांच्या कानी पडले. धुऱ्यावरच्या गवतात व झुडपात राहणाऱ्या एका किडीच्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म अळीच्या चाव्यातून ओरिएन्शिया हा जिवाणू देहात शिरतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याने सैन्याचे फार नुकसान केले होते. आणि उत्तर प्रदेशात गोरखपूरकडे वर्षानुवर्षे शेकडो मुले ज्या मेंदूज्वराने दगावत, आणि जो केवळ विषाणूंचा मानला जाई, त्याच्या बहुसंख्य रुग्णांत हाच जिवाणू कारणीभूत असल्याचे २०१५-१६ च्या सुमारास उघडकीस आले. धान, पाऊस, गवत आणि त्या किडीला पोसणारे उंदीर ही चारही अंगे भंडाऱ्यातही आहेत.

या जिवाणूची रीत वर वर्णिलेल्यांहून अगदी भिन्न आहे. तो द्रवात मोकळा हिंडत नाही. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींच्या पोटात शिरतो, भक्षकपोकळीतून निसटतो, पेशीच्या अंतर्गत तंतूंवरून केंद्रकाजवळ जातो आणि तेथे वाढतो. पेशीच्या आत प्रतिपिंड पोहोचत नाहीत; म्हणून येथे झुंजावे लागते ते टी-पेशींना, ज्या बाधित अस्तरपेशीच मारून टाकतात. मेंदूच्या वाहिन्यांत हे घडले म्हणजे रक्षणाचीच क्रिया वाहिन्यांना गळके करते, आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशींचे व मायक्रोग्लियाचे लहान लहान पुंजके जमतात. पाठीतले पाणी अशा वेळी नितळ असते, पेशी थोड्याच वाढलेल्या, साखर जवळजवळ नेहमीची. त्यामुळे विषाणूचा आजार किंवा आरंभीचा क्षय समजण्याची चूक सहज होते. त्याहून मोठी अडचण ही की, मेंदूज्वराच्या शंकेने रुग्णालयात प्रथम दिले जाणारे सेफ्ट्रियाक्सोन पेशीच्या आत दडलेल्या या जिवाणूला लागू पडत नाही. त्याला लागू पडते ते क्लोरॅम्फेनिकॉल, ज्याचा यशस्वी प्रयोग १९४८ साली मलायात झाला, आणि आज डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन. गंभीर रुग्णांत ही दोन्ही शिरेवाटे एकत्र दिली असता एकेकट्यापेक्षा अधिक उपयोग होतो, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातीलच चाचणीत दिसले.

चावा दुखत नाही, खाजतही नाही. काही दिवसांनी तेथे वाटाण्याएवढी काळी खपली धरते, भोवती लालसर कडा असते, आणि ती जागा नेमकी काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा लुगड्याची गाठ बसते त्या कंबरेवर असते. निंदणाला ओणवे राहणाऱ्या बाईच्या अंगावरची ही खपली पुरुष डॉक्टरच्या गर्दीच्या ओपीडीत दिसणे कठीण. ती पाहण्यासाठी आडोसा लागतो, परिचारिका लागते, आणि दोन मिनिटांची सवड लागते. खपली सर्वांत नसते, त्यामुळे ती नाही म्हणून आजार नाही असेही म्हणता येत नाही.

आणि येथे बाहेरच्या बंदोबस्ताची मर्यादा उघड होते. ओरिएन्शियाचे वाण अनेक आहेत. एका वाणाच्या आजारातून उठलेल्या माणसाला दुसऱ्या वाणापासून मिळणारे संरक्षण तोकडे असते व थोड्याच महिन्यांत ओसरते, आणि दुसऱ्या महायुद्धापासून प्रयत्न चालू असूनही माणसासाठी वापरण्याजोगी लस निघालेली नाही. बीसीजी क्षयात जे करते, पंचगुणी लस हिमोफिलसच्या बाबतीत जे करते, ते करणारे येथे कोणी नाही. त्यामुळे श्रावणापासून कार्तिकापर्यंत पाच दिवसांहून अधिक टिकलेल्या, हिवतापाची तपासणी नकारात्मक आलेल्या तापात पालांदूर किंवा दिघोरीसारख्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रानेच, एलायझा या रक्तचाचणीचा अहवाल जिल्ह्याहून येण्याची वाट न पाहता, डॉक्सिसायक्लिन सुरू करणे, हाच तूर्त मेंदूपर्यंतचा रस्ता अडविण्याचा एकमेव व्यवहार्य मार्ग आहे. आणि त्या आठवड्यात ती गोळी केंद्राच्या कपाटात शिल्लक असणे हे त्या मार्गाचे पहिले कलम आहे.